अठ्ठेचाळीस नंबरची चिठ्ठी

मी चौथी शिकलोय. लिहायची सवय नाही. मुलगी म्हणाली, जसं बोलता तसं लिहा, म्हणून लिहितोय. बायको जाऊन पंधरा महिने झाले. हे सगळं ती होती तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तेव्हा तोंड उघडलं नाही.

मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. किकवीवरनं सकाळची गाडी धरते, दिवस मावळायला परत येते. कधी रविवारी घरीच ते मशीन मांडीवर घेऊन बसते. अशीच एका रविवारी बसली होती. मी समोर सुपारी कातरत होतो. घरात दोघंच. बोलायला दुसरं कोण नाही, म्हणून विचारलं, "काय करतीस गं?"

"तपासतीय आबा."

"काय तपासतीस?"

"हापिसात मोठ्या मशीनी हायेत, युनिक्सच्या. त्यातल्या प्रोग्रामात चुका निघत्यात. मग ज्यांनी तो प्रोग्राम केला ती मानसं दुरुस्ती धाडत्यात. पॅच म्हणायचं त्याला. ठिगळच म्हणा. कुठल्या मशीनीत कुठलं बसलंय आन् कुठलं ऱ्हायलंय, ते बघतीय."

"नंबर असतो का ठिगळाला?"

"असतो की."

"आन् एक बसवायचं तर आधी दुसरं बसलेलं लागतं?"

तिनं मान वर केली. "तुमाला कसं ठावं?"

"आन् नवं आलं की मागचं रद्द. व्हय ना?"

"आबा, कुठं शिकला ह्ये?"

"भोरला. तुझ्या जन्माच्या आधी. मी खळ लावून बसवायचो."

ती लई हसली. आई गेल्यापासनं एवढी हसली नव्हती. मग मला समजावून सांगायला लागली. मशीनला विचारलं की ती यादी देते, अमुक नंबर बसला, तमुक नंबर बसला. "पर नुसत्या यादीवर म्या सोडत न्हाई," ती म्हणाली. "कधी काय हुतं, बसवताना मधीच अडकतं. यादीत नोंद झालेली आसती आन् आत जुनंच चालू आसतं. म्हून म्या फाईल उघडून बघती."

मी सुपारी तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तिला वाटलं, आबा तंबाखू थुंकायला गेले.

सत्तर सालच्या आगेमागे मी भोरला एका कचेरीत शिपाई होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, कचेरीची नव्हती. भोरपासनं दोन-अडीच कोसांवर धरण. धरणाचं पाणी डोंगरात लांबपर्यंत घुसलेलं, आणि कडेनं धड रस्ता नाही. म्हणून पाण्यावर लाँच चालायची. मोटर बसवलेली मोठी होडीच ती, पण सगळे लाँच म्हणायचे. अलीकडच्या धक्क्यावरनं सुटायची, गावागावाला थांबत पार पाण्याच्या शेवटाला जायची, रात्रीचा मुक्काम तिकडंच, दुसऱ्या दिवशी परत. म्हणजे इकडनं एक दिवसाआड. तिचा सगळा कारभार आमच्या कचेरीतनं.

कचेरीत एक बुक होतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. लाँच कितीला सुटायची, किती माणसं घ्यायची, वारं सुटलं तर काय करायचं, सगळं त्यात छापलेलं. आता धरणाचं पाणी काय एका जागी राहतंय? पावसाळ्यात चढतं, दिवाळीनंतर उतरायला लागतं. पाणी उतरलं की वरचा, म्हणजे शेवटचा, धक्का चिखलात जातो, मग लाँच अलीकडंच थांबवायची, मग वेळ बदलायची. दर वेळी नवं बुक कोण छापणार? पुण्याच्या वरच्या कचेरीतनं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. पातळ कागदाच्या, बोटभर रुंदीच्या. "पान इतकं, ओळ इतकी, अमक्याऐवजी तमके वाचावे." वर कोपऱ्यात नंबर. ती चिठ्ठी त्या ओळीवर नेमकी चिकटवायची. पुढं कधी चिठ्ठीवर चिठ्ठी यायची. मागची नसली तर पुढचीला अर्थच नाही. अशी तीन बुकं होती, एक कचेरीत, एक धक्क्यावर, एक लाँचवर. चिठ्ठ्या तिन्हीकडं जायच्या. धक्क्यावरचे आणि लाँचवरचे आपापलं बघायचे. कचेरीतलं बुक माझ्याकडं.

आणि एक नोंदवही होती. चिठ्ठी बसवली की तिच्या नंबरापुढं लाल शाईची खूण करायची. महिन्याला वरनं कागद यायचा की एकपासून अमुक नंबरपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या बसल्या का, तपासून उलट टपाली कळवा. तपासून म्हणजे काय, तर आमचे हेडक्लार्क नोंदवही उघडायचे, लाल खुणा बघायचे, आणि लिहायचे, बसल्या. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. टपालाची पिशवी चारला जायची. मी खळ ढवळत बसलो की ओरडायचे, "अरे, आधी नोंद कर, मागनं खळ लाव! तुझी खळ वाळंपर्यंत पिशवी पुण्याला पोचंल!"

मग तीच पद्धत पडली. चिठ्ठ्या आल्या की आधी सगळ्या नंबरांपुढं खुणा, मग सावकाशीनं चिकटवणं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आणि खरं सांगायचं तर मी चिठ्ठी वाचत नसे. वाचायला मला वेळ लागायचा, ओठ हलायचे, लोक हसायचे. नंबर बघायचा, पान काढायचं, ओळ मोजायची, चिकटवायची.

खळ बायको करायची. कचेरीतनं मैदा आणि चिमूटभर मोरचूद मिळायचं, किडा लागू नये म्हणून. ती चुलीवर जर्मनच्या भांड्यात ढवळत बसायची. गाठ म्हणून होऊ द्यायची नाही. "गाठ ऱ्हायली तर तुमच्या चिठ्ठीला आवाळू यील," म्हणायची. आणि भांडं हातात देताना ठरलेलं बोलणं, "तुमची कचेरी माझ्या खळीवर चाललीया. साह्यबाला सांगा, हजेरी माझी बी मांडा."

मी म्हणायचो, "सांगतो. उद्या खुर्ची टाकाय लावतो तुला."

"खुर्ची नगं. चूल द्या तितं एक."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं अजून. भाड्याची एक खोली होती. तिचं माहेर वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या अंगाला. लाँचनं शेवटच्या धक्क्याला उतरायचं, समोरची खिंड चढायची, पलीकडं गाव. एसटीनं जायचं तर भोरवरनं हमरस्त्याला जाऊन वेल्ह्याची गाडी धरायची, ती सकाळी एकदाच, आणि पुढं पुन्हा चालणं. म्हणून लाँचच बरी.

तर त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी आठ चिठ्ठ्या एकदम आल्या, एकेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. भाऊसाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मी नोंदवही उघडली आणि आठ नंबरांपुढं आठ खुणा केल्या. पिशवी गेली. मग चिठ्ठ्या उलट्या करून फळीवर एकाला एक लावून मांडल्या, एका हातानं खळ फिरवली, आणि उचलून उचलून चिकटवल्या. बुक मिटलं, वर वजन ठेवलं, घरी गेलो.

किती उचलल्या ते मोजलं नाही. मोजायचं कशाला, खुणा आठ झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती कचेरीत आली. बायामाणसं तिथं येत नसत. दाराच्या बाहेर उभी राहिली, डोक्यावर पदर, आणि धावत आल्यासारखी धापा टाकत.

"आवो, माहेरचं मानूस आलं हुतं बाजाराला. आईचं खरं न्हाई म्हनं."

"काय झालंय?"

"चार दिस अन्न न्हाई. मला बघायचं म्हंती. नुस्ती दाराकडं बघून पडलीया म्हनं. आज लाँच हाय न्हवं? कितीला सुटती?"

वेळ मला तोंडपाठ होती. तरी मी आत जाऊन बुक आणलं. का आणलं, तर बायकोपुढं मिरवायला. माझ्या हाताखालचं बुक. पान नऊ काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "अडीच. ह्ये बघ, छापील हाय."

"मला काय दावताय, मला वाचाया येतंय व्हय? उन्हं कुठं आल्यावर, त्ये सांगा."

"दुपार कलल्यावर. आत्ता धा वाजल्यात. लई टाइम हाय."

ती म्हणाली, "मग सांजा करून न्हेऊ का? दात न्हाईत तिला. रवा मऊ शिजवून गूळ घालून न्हेला तर खाईल दोन घास. माझ्या हातचा सांजा लई आवडतो तिला."

मी म्हणालो, "कर की. घाई कशाला?"

हे दोन शब्द मी म्हणालो. तिच्या कानात राहिले नाहीत. माझ्या राहिले.

ती घरी गेली, सांजा केला, डब्यात भरून फडक्यात बांधला आणि चालत निघाली. धक्क्यावर पोचली तेव्हा दोन वाजायचे होते. हे मी नंतर हिशेब करून सांगतोय, तिला घड्याळातलं कळत नव्हतं. धक्का मोकळा. एक गडी दोर गुंडाळत होता. तिनं विचारलं, लाँच कुठंय? तो म्हणाला, "ती कवाच गेली बाई. येळंवर यावं मानसानं. सांजा-बिंजा करत बसल्यावर व्हयाचं हेच." डबा बघून, वास येऊन, चेष्टेनंच म्हणाला असेल. पण ते तिच्या काळजात बसलं. तिनं वर सूर्याकडं बघितलं. अजून कललेलाही नव्हता नीट. तिला वाटलं, आपल्यालाच कळत नाही. आपण चुलीपुढं बसलो आणि वेळ निघून गेली.

ती परत आली नाही. पाण्याच्या कडेकडेनं चालायला लागली. अंधार पडला तेव्हा एका धनगराच्या खोपटात पाठ टेकली, उजाडायच्या आत परत निघाली. खिंडीत चढून वर आली आणि पलीकडं बघितलं, तर नदीच्या काठाला धूर.

भावजयीनं तिला सांगितलं, "कालच्याला दिवेलागनीपतूर शुदीवर व्हत्या. सारखं इचारायच्या, आली का, आली का. मग बोलायच्या बंद झाल्या. पाटंला गेल्या." पुरुषमाणसं थांबायला तयार नव्हती. लेक येणार आहे हे त्यांना कुठं माहीत? तिनं आईचं तोंड बघितलं नाही.

मला निरोप त्या दिवशी परतीच्या लाँचनं आला. दुसऱ्या दिवशी मी निघालो. घरात बसवेना म्हणून लवकर निघालो, साडेबाराला धक्क्यावर. बघतो तर मोटर सुरू, माणसं बसलेली.

मी म्हणालो, "आरं, आत्ता कुठं चालला? अडीचला सुटायची न्हवं?"

लाँचवाला हसला. ओळखीचा होता. "झोपेत हायेसा का? परवापासनं एकला सुटती. पानी उतरलंय. वरच्या धक्क्याला जात न्हाई, अलीकडनं लोकास्नी उजेडी चालत जाया नगं?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? तुमीच! तुमच्याच कचेरीची चिठ्ठी की." आणि त्यानं त्याचं लाल बुक काढून पान नऊ दाखवलं. "अडीच याऐवजी एक असे वाचावे." कोपऱ्यात अठ्ठेचाळीस. ओठ हलवत मी ती वाचली. पहिल्यांदा चिठ्ठी वाचली ती ही.

मी लाँचमध्ये बसलो. मागच्या बाजूला दोन बकऱ्या बांधलेल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिलो. दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती. वरच्या धक्क्याच्या अलीकडंच उतरलो तेव्हा दिवस कासराभर वर होता. खिंड चढून गावात शिरलो तेव्हा घरोघर दिवे लागत होते. दिवेलागणीपर्यंत म्हातारी शुद्धीवर होती. एकच्या लाँचनं आली असती तर ती ह्याच वेळेला, ह्याच दारात उभी राहिली असती.

ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून रडली नाही. म्हणाली, "माजंच चुकलं. सांजा करत बसले."

तिचा थोरला भाऊ तिथंच होता. गावातली चार माणसं बसलेली. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते जिभेवर होतं. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, तुमी तर लाँचच्या कचेरीत. बायकूला जरा येळंचं वळन लावा."

मी म्हणालो, "व्हय."

तेवढंच म्हणालो. डबा कोनाड्यात तसाच होता, फडक्याची गाठ न सोडलेला. दुसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हा तिनं तो नदीवर नेऊन माशांना सोडला.

भोरला आल्यावर मी बुक उघडलं. पान नऊवर अडीच तसंच, उघडं. मग एकेक पान घेऊन चिठ्ठ्यांवरनं बोट फिरवायला लागलो. पान बारावर सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी बोटाला जाड लागली. ती बकऱ्या-कोंबड्यांची होती, जनावरे मागील बाजूस बांधावी म्हणून. पान खिडकीत उजेडाला धरलं. सत्तेचाळीसच्या आत दुसरी अक्षरं दिसत होती. एकाखाली एक, दोन चिठ्ठ्या खळीनं धरून बसलेल्या. चहाच्या किटलीच्या वाफेवर पान धरून त्या सोडवल्या. फाटली नाही एकही, एवढी खळ चांगली होती. मग अठ्ठेचाळीस नंबरची चिठ्ठी पान नऊवर चौथ्या ओळीवर लावली आणि तळहातानं दाबून धरली.

नोंदवही उघडली. तिथं काही बदलायचं नव्हतं. ती आधीपासूनच बरोबर होती.

दोन महिन्यांनी पुण्याहून साहेब तपासणीला आले. त्यांनीही नोंदवहीच बघितली. खुणा एका रेषेत, शाईचा डाग नाही. भाऊसाहेबांना म्हणाले, शिपाई असा पाहिजे. मी घरी हे सांगणार नव्हतो. पण कचेरीतच कामाला असलेल्या शेजाऱ्यानं येऊन सांगितलं. बायको कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "माज्या खळीचं नाव झालं."

त्या दिवशी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

त्यानंतर मी आधी खूण कधी केली नाही. भाऊसाहेब ओरडले तरी नाही. चिकटवायची, बोट फिरवायचं, ओठ हलवत वाचायचं, मग खूण. लोक हसले तर हसले. माझ्या हातनं पुन्हा एकही चिठ्ठी चुकली नाही. काय उपयोग?

तिनं पुन्हा सांजा केला नाही. लग्नाकार्यात पानात वाढला तर बाजूला सारायची. मुलगी लहान असताना सांजा पाहिजे म्हणून हट्ट धरायची, तर शेजारणीकडनं करून आणायची, स्वतः चुलीवर चढवायची नाही. आणि दर भाऊबीजेला आम्ही तिच्या माहेरी जायचो. तिचा भाऊ दिलदार होता, पण जीभ तिखट. ती दारात आली की म्हणायचा, "बाय, आज तरी येळंवर आलीस!" सगळं घर हसायचं. भावजय म्हणायची, "सांजा केला न्हाई वाटतं आज." परत हसणं. तीही हसायची, खाली बघून. पाचसहा वर्षांनी जायचंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणायची. तेव्हा तिशीही झाली नव्हती तिची.

सांगायला मी कितीदा गेलो. मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून ठरवलं, आता सांगू. ती इतकी निवांत झोपली होती, म्हटलं नको. मग वर्षं गेली की असं होतं, आधीची चूक राहते बाजूला, एवढे दिवस का दडवली ह्याचीच भीती मोठी होते. शेवटी ती आजारी पडली, दवाखान्यात होती. तापात बडबडायची. एका सकाळी माझा हात धरून म्हणाली, "म्या येळ लावला वो. ती बघत हुती." मी म्हणालो, "न्हाई गं, तू न्हाई." एवढंच सुचलं. पुढचं सांगायला लागलो तोवर डोळा लागला होता. दोन दिवसांनी गेली.

दहाव्याला सारोळ्याला नीरेच्या काठी पिंड ठेवले. कावळा शिवेना. तासभर झाला, झाडावर कावळे बसलेले, खाली एक येईना. ज्याला जे सुचेल ते बोलायला लागले. मुलीकडं बघू, काही काळजी करू नको. घराचं बघू. भाऊ म्हणाला, बाय, काय राहिलं तुझं, सांग. मला ठाऊक होतं काय राहिलं ते. पुढं होऊन दोन वाक्यं बोलायची होती. पन्नास माणसं उभी होती. मी हात जोडून उभा राहिलो. ऊन चढलं, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. विधी झाला म्हणाले. लोक पाय धुवायला गेले.

त्या रविवारी मुलगी म्हणाली ना, यादीत नोंद झालेली असते आणि आत जुनंच चालू असतं, तेव्हा मी बाहेर जाऊन हे सगळं आठवत उभा राहिलो. ती मागनं आली. "आबा, काय झालं?" मी सांगितलं. उभ्या उभ्या, तिच्याकडं न बघता. मग म्हणाली, "म्हून सांजा शेजारच्या काकींकडनं यायचा."

"व्हय."

"आईला गेली चाळीस वर्षं वाटत हुतं..."

"व्हय."

ती आत गेली. मशीन मिटल्याचा आवाज आला. रागानं जेवली नाही. सकाळी गाडीला जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "मामाला सांगा. समद्यांम्होरं."

मी गेलो. वेल्ह्याला एसटीनं, पुढं टेम्पोनं. आता रस्ता झालाय. मेव्हणा ऐंशीच्या पुढं गेलाय, ओट्यावर बसून असतो. मला बघून म्हणाला, "दाजी, एकलंच? बाय गेल्यावर पयल्यांदाच आलासा."

मी टेकलो आणि सांगितलं. चिठ्ठी, नोंदवही, अडीच, एक. त्यानं तळहातावर तंबाखू घेतली होती, चुना लावलेला, ती तशीच राहिली.

"म्हंजी ती येळंवर गेल्ती," तो म्हणाला.

"येळंच्या आदी गेल्ती."

"आन् मी दर भाऊबीजंला तिला म्हनायचो."

"मला ठावं हाय. मी तितंच असायचो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी बी हसायचा, दाजी."

"व्हय," मी म्हणालो. "हसायचो."

त्यानं तंबाखू खाली झटकली आणि आत हाक मारली. सुना आल्या, नातवंडं आली, भावजय काठी टेकत आली. "बसा समदी. दाजी काय सांगत्यात ऐका. सांगा दाजी, पयल्यापास्नं." मी पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं. एका नातवानं मधेच विचारलं, कुठली आत्याआज्जी? त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. भावजयीनं पदर तोंडाला लावला. सांगून झालं. कुणीतरी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

निघताना मेव्हणा उठला नाही. म्हणाला, "तुमी तुमचं सांगून मोकळं झाला. मी कुणाला सांगू?"

मी चप्पल घातली.

किकवीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मुलगी दारातच होती. विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"समद्यांना?"

"एक सोडून," मी म्हणालो, आणि हातपाय धुवायला मागं गेलो.